वाचकांचे प्रश्न : कॉलमपुढे काहीच लिहिलं नाही, तर नल कुठून येतो?

या वेळी आलेली बहुतेक पत्रं डेटाबेसमधल्या नलबद्दल, म्हणजे 'इथे व्हॅल्यू नाही' असं सांगणाऱ्या खुणेबद्दल, आहेत, म्हणून हे सदर पूर्णपणे त्यालाच दिलं आहे. एसक्यूएलची (डेटाबेसशी बोलायच्या भाषेची) विधानं इथे देवनागरीत छापली आहेत. मशीनवर ती नेहमीच्या रोमन अक्षरांतच टाइप करायची.

प्रश्न : ग्राहकांच्या टेबलमध्ये मोबाइल नंबरचा कॉलम 'मोबाइल व्हारकॅर(१५)' (जास्तीत जास्त १५ अक्षरांचा मजकूर) एवढंच लिहून तयार केला होता. वेबसाइटच्या फॉर्ममध्ये तो रकाना सक्तीचा आहे. तरी आता पाहतो तर कितीतरी ओळींत तिथे नल आहे. डेटाबेसने एरर का दिली नाही?

उत्तर : कारण अडवायला त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. प्रत्येक कॉलम तयार होताना दोन वेगवेगळ्या गोष्टी ठरतात. या कॉलममध्ये नल चालेल का, ही पहिली. इन्सर्टमध्ये (नवी ओळ घालणाऱ्या विधानात) या कॉलमचं नावच आलं नाही तर तिथे काय ठेवायचं, ही दुसरी. तुम्ही दोन्हींबद्दल गप्प राहिलात तर डेटाबेस पहिलीचं उत्तर 'चालेल' असं धरतो आणि दुसरीचं 'नल ठेवा' असं. म्हणजे तुम्ही लिहिलेली ओळ आणि

मोबाइल व्हारकॅर(१५) डिफॉल्ट नल

ही ओळ, यांत काहीही फरक नाही.

फॉर्ममधली सक्ती फक्त त्या फॉर्मपुरती असते. डेटा टेबलमध्ये शिरायला इतर अनेक वाटा असतात: एक्सेलमधून केलेला इम्पोर्ट, रात्री चालणारी स्क्रिप्ट, मोबाइल अ‍ॅपची जुनी आवृत्ती, कुणीतरी थेट कन्सोलवर चालवलेला इन्सर्ट. या सगळ्या वाटा एकाच ठिकाणी अडवता येतात, ते म्हणजे टेबलची व्याख्या.

नॉट नल (नल चालणार नाही) आणि डिफॉल्ट (कॉलम गाळल्यास बसणारी व्हॅल्यू) यांच्या चार जोड्या होतात आणि चारही वेगळ्या वागतात. दोन्ही नसतील तर तुमच्यासारखं होतं. फक्त नॉट नल असेल तर कॉलम गाळल्यावरही एरर आणि उघडपणे नल पाठवल्यावरही एरर. मोबाइल नंबरसाठी हेच हवं. फक्त डिफॉल्ट असेल तर कॉलम गाळल्यावर डिफॉल्ट व्हॅल्यू बसते, पण नल पाठवला तर नलच बसतो. दोन्ही असतील तर गाळल्यावर डिफॉल्ट आणि नल पाठवल्यावर एरर.

प्रायमरी कीला (ओळ ओळखणाऱ्या कॉलमला) नॉट नल सहसा आपोआप लागतं. युनिकला (व्हॅल्यू पुन्हा येऊ न देणारा नियम) किंवा फॉरेन कीला (दुसऱ्या टेबलमधल्या ओळीचा संदर्भ) ते लागत नाही. ऑर्डरच्या टेबलमधला ग्राहक_आयडी फॉरेन की असला, तरी त्यात नल असलेली ऑर्डर निमूट आत जाते. नल असेल तर संदर्भ तपासलाच जात नाही.

एक गोष्ट इथेच सांगायला हवी. नॉट नल लावलं म्हणजे नंबर आलाच, असं नाही. वापरणाऱ्याने रकाना मोकळा सोडला की बहुतेक वेब फॉर्म नल पाठवत नाहीत, रिकामी स्ट्रिंग (एकही अक्षर नसलेला मजकूर) पाठवतात, आणि रिकामी स्ट्रिंग ही नॉट नलच्या दृष्टीने रीतसर व्हॅल्यू आहे. म्हणून नॉट नलच्या जोडीला चेकही (व्हॅल्यूवरची अट) लावा:

चेक (लेंग्थ(ट्रिम(मोबाइल)) >= १०)

फक्त चेक लावून नॉट नल वगळू नका. तसं का, ते पुढे चेकच्या प्रश्नात आलं आहे.

प्रश्न : 'सवलत' या कॉलमला डिफॉल्ट ० दिला आहे. तरीही काही ओळींत नल येतो. डिफॉल्ट काम करत नाही का?

उत्तर : काम करतो, पण कॉलम गाळला तरच. ही दोन विधानं शेजारी ठेवून पाहा:

इन्सर्ट इन्टू बिल (क्रमांक) व्हॅल्यूज (१);

इन्सर्ट इन्टू बिल (क्रमांक, सवलत) व्हॅल्यूज (२, नल);

पहिल्या ओळीत सवलत ० होते, दुसरीत नल. दुसऱ्या विधानात तुम्ही स्वतः नल पाठवला आहे आणि कॉलम नल घेतो, त्यामुळे डेटाबेसने तुमचं म्हणणं ऐकलं. कॉलमचं नाव लिहूनही डिफॉल्ट हवा असेल तर व्हॅल्यूच्या जागी 'डिफॉल्ट' हा शब्दच लिहायचा.

प्रत्यक्षात हा घोळ बहुतेक वेळा ओआरएममुळे (कोडमधल्या ऑब्जेक्टवरून एसक्यूएल बनवणाऱ्या लायब्ररीमुळे) होतो. ऑब्जेक्टमधली सवलत भरलेली नसते, तरी ओआरएम सगळ्या कॉलमांची नावं घालून इन्सर्ट बनवतो आणि न भरलेल्या जागी नल पाठवतो. एसक्यूएलचा लॉग चालू करून प्रत्यक्ष गेलेलं विधान पाहा, कारण लगेच कळेल. काही ओआरएममध्ये नल असलेले कॉलम इन्सर्टमधून गाळण्याची सेटिंग असते. नाहीतर डिफॉल्ट कोडमध्येच द्या.

ओरॅकलच्या १२सी आवृत्तीपासून 'डिफॉल्ट ऑन नल' मिळतं. त्यात उघडपणे पाठवलेल्या नलच्या जागीही डिफॉल्ट बसतो आणि कॉलम आपोआप नॉट नल होतो. इतर डेटाबेसमध्ये हे ट्रिगरने (ओळ घालताना आपोआप चालणाऱ्या कोडने) करता येतं, पण आम्ही तो सल्ला देणार नाही. नॉट नल आणि डिफॉल्ट दोन्ही लावा, नल पाठवणारा कोड एररने उघडा पडू द्या आणि तिथे दुरुस्त करा. ट्रिगरने चूक झाकली जाते आणि पुढच्या टेबलमध्ये तीच पुन्हा येते.

आणखी एक: अल्टर टेबलने (टेबलची व्याख्या बदलणाऱ्या विधानाने) डिफॉल्ट बदलला तर तो फक्त नव्या ओळींना लागतो. जुन्या नलना हात लागत नाही, त्यांच्यासाठी वेगळा अपडेट चालवावा लागतो.

प्रश्न : आम्ही एकाच प्रॉडक्टसाठी वेगवेगळे डेटाबेस वापरतो. नलचं डिफॉल्ट वागणं सगळीकडे सारखं असतं का?

उत्तर : मूळ नियम सारखा आहे: काही न लिहिल्यास नल चालतो. पण अपवाद नेमके तिथे आहेत जिथे लक्ष जात नाही.

एसक्यूएल सर्व्हरमध्ये काही न लिहिल्यास काय व्हावं, हे सेशनच्या (चालू जोडणीच्या) आणि डेटाबेसच्या सेटिंगवर ठरतं. त्या सेटिंगचं नाव एएनएसआय_नल_डिफॉल्ट. नेहमीचे ओडीबीसी ड्रायव्हर जोडणी करताना ती चालू करतात, म्हणून सहसा फरक जाणवत नाही. पण सेटिंग बंद असलेल्या सेशनमध्ये तीच स्क्रिप्ट चालवली तर कॉलम नॉट नल बनू शकतो. त्याच घराण्यातल्या सायबेसमध्ये तर मूळचा डिफॉल्टच नॉट नल आहे. म्हणून दोन्ही ठिकाणी प्रत्येक कॉलमपुढे नल किंवा नॉट नल स्पष्ट लिहायची शिस्त पाळा.

मायएसक्यूएलमध्ये टाइमस्टॅम्प (तारीख-वेळ) प्रकाराचा कॉलम वेगळा वागायचा. नल न लिहिलेला टाइमस्टॅम्प आपोआप नॉट नल व्हायचा आणि त्यात नल घातला की त्या क्षणाची वेळ बसायची. ८.०.२ पासून हे जुनं वागणं डिफॉल्टने बंद आहे. जुन्या सर्व्हरवरून डेटा हलवताना 'एक्स्प्लिसिट_डिफॉल्ट्स_फॉर_टाइमस्टॅम्प' या व्हेरिएबलची व्हॅल्यू दोन्हीकडे पाहून घ्या.

मायएसक्यूएलचा दुसरा धोका जास्त मोठा. स्ट्रिक्ट मोड (चुकीच्या व्हॅल्यूला एरर देणारी सेटिंग) बंद असेल आणि नॉट नल कॉलमला डिफॉल्ट नसेल, तर तो कॉलम गाळल्यावर एरर येत नाही. आकड्याच्या कॉलममध्ये ०, मजकुराच्या कॉलममध्ये रिकामी स्ट्रिंग बसते आणि फक्त वॉर्निंग मिळते. एका इन्सर्टमध्ये अनेक ओळी असतील तर उघडपणे पाठवलेला नलही असाच बदलला जातो. ५.७ पासून स्ट्रिक्ट मोड डिफॉल्टने चालू असतो, पण जुनी कॉन्फिगरेशन फाइल नव्या सर्व्हरवर नेली की तो बंद होऊ शकतो. 'सिलेक्ट @@एसक्यूएल_मोड' चालवून बघा आणि उत्तरात 'स्ट्रिक्ट_ट्रान्स_टेबल्स' दिसतंय याची खात्री करा.

ओरॅकलमध्ये व्हारकॅर२ कॉलममध्ये रिकामी स्ट्रिंग घातली की ती नल होते. त्यामुळे पोस्टग्रेसवर चालणारा, मधलं नाव रिकामं ठेवणारा कोड ओरॅकलवर नॉट नलला आपटतो. ओरॅकलमध्ये 'व्हेअर नाव = रिकामी स्ट्रिंग' ही अट कधीच खरी ठरत नाही, हेही लक्षात ठेवा.

एसक्यूलाइटमध्ये प्रायमरी कीमध्येही नल शिरू शकतो. ही सुरुवातीच्या आवृत्त्यांतली चूक होती आणि जुने प्रोग्रॅम मोडू नयेत म्हणून ती तशीच ठेवली आहे. इन्टिजर प्रायमरी की, 'विदाउट रोआयडी' (अंतर्गत ओळ-क्रमांक नसलेलं) टेबल आणि स्ट्रिक्ट टेबल हे तीन प्रकार यातून सुटतात. बाकी ठिकाणी प्रायमरी कीपुढेही नॉट नल लिहाच.

प्रश्न : पोस्टग्रेसमध्ये सुमारे २ कोटी ओळींचं टेबल आहे. त्यातल्या 'स्थिती' कॉलममध्ये बरेच नल आहेत आणि आता तो नॉट नल करायचा आहे. काम बंद ठेवता येणार नाही. कसं करावं?

उत्तर : थेट 'अल्टर कॉलम स्थिती सेट नॉट नल' चालवलंत तर दोन गोष्टी होतील. एकही नल उरला असेल तर विधान फसेल. नसेल तरी पूर्ण टेबल तपासून होईपर्यंत त्यावर सगळ्यात कडक लॉक (इतरांना थांबवणारं कुलूप) राहील आणि तेवढा वेळ सिलेक्टसुद्धा थांबतील. म्हणून काम तुकड्यांत करायचं, आणि क्रम महत्त्वाचा आहे.

आधी नव्या नलचा झरा बंद करा. कॉलमला डिफॉल्ट द्या आणि नल पाठवणारा कोड दुरुस्त करून सर्व सर्व्हरवर चढवा. हे न करता जुने नल भरत बसलात तर काम संपणारच नाही.

मग जुने नल भरा, पण एका अपडेटमध्ये नाही. पोस्टग्रेस प्रत्येक अपडेटला ओळीची नवी प्रत लिहितो. सगळ्या ओळी एकदम बदलल्या तर टेबल फुगतं, ट्रान्झॅक्शन (एकत्रच पक्का होणारा बदलांचा गट) लांबतं आणि त्या ओळींवर काम करू पाहणारे बाकीचे अडकतात. प्रायमरी कीच्या पट्ट्याने एका वेळी ५,००० ते १०,००० ओळी घ्या, प्रत्येक तुकड्यानंतर कमिट करा (बदल पक्के करा) आणि मध्ये थोडी विश्रांती द्या, म्हणजे ऑटोव्हॅक्यूमला (ओळींच्या जुन्या प्रती आवरणाऱ्या यंत्रणेला) मागोमाग साफसफाई करता येते.

यानंतर चेक लावा:

अल्टर टेबल ऑर्डर्स अ‍ॅड कन्स्ट्रेंट स्थिती_हवी चेक (स्थिती इज नॉट नल) नॉट व्हॅलिड;

'नॉट व्हॅलिड' असल्यामुळे जुन्या ओळी तपासल्या जात नाहीत आणि विधान क्षणात संपतं. मात्र या क्षणालाही कडक लॉक लागतोच. एखादं लांबलेलं ट्रान्झॅक्शन आधीच टेबल धरून बसलं असेल तर तुमचं अल्टर त्याच्या मागे रांगेत उभं राहतं आणि बाकी सगळ्या क्वेरी तुमच्या मागे. हे टाळायला आधी 'सेट लॉक_टाइमआउट' २ सेकंदांवर ठेवा. नाही जमलं तर विधान रद्द होईल, थोड्या वेळाने पुन्हा चालवा.

हा चेक जुने नल भरण्याआधी लावायचा मोह होतो, तो आवरा. नॉट व्हॅलिड चेक जुन्या ओळी तपासत नाही, पण त्या ओळीत पुढे कोणताही बदल झाला की पूर्ण ओळ तपासतो. म्हणजे स्थिती नल असलेल्या जुन्या ऑर्डरचा फक्त पत्ता बदलायला गेलात तरी एरर येते. चालू सिस्टिममध्ये असं झालं की सगळे पत्त्याच्या कोडमध्ये चूक शोधत बसतात.

चेक लागल्यावर उरलेसुरले नल पुन्हा मोजून भरा आणि मग

अल्टर टेबल ऑर्डर्स व्हॅलिडेट कन्स्ट्रेंट स्थिती_हवी;

हे पूर्ण टेबल वाचतं, पण हलक्या लॉकवर. वाचन-लेखन चालूच राहतं. ते यशस्वी झालं की 'सेट नॉट नल' चालवा. १२व्या आवृत्तीपासून पोस्टग्रेस वैध चेक पाहून ओळखतो की नल असूच शकत नाही, आणि टेबल पुन्हा वाचत नाही. शेवटी चेक काढून टाका. १८व्या आवृत्तीत नॉट नललाच नॉट व्हॅलिड जोडता येतं, तिथे हा चेकचा फेरा लागत नाही.

मायएसक्यूएलवर हेच करायचं असेल तर कॉलम नॉट नल करताना टेबल जागच्या जागी पुन्हा बांधलं जातं. टेबलच्या आकाराइतकी मोकळी डिस्क आधी बघा आणि स्ट्रिक्ट मोड चालू ठेवा.

प्रश्न : नवा कॉलम डिफॉल्टसह जोडला तर जुन्या ओळींत काय दिसतं?

उत्तर : पोस्टग्रेस, मायएसक्यूएल आणि ओरॅकलमध्ये जुन्या ओळींतही डिफॉल्ट दिसतो. एसक्यूएल सर्व्हरमध्ये नल चालणारा कॉलम डिफॉल्टसह जोडला तर जुन्या ओळींत नलच राहतो. डिफॉल्ट हवा असेल तर शेवटी 'विथ व्हॅल्यूज' लिहावं लागतं.

पोस्टग्रेस ११पासून स्थिर डिफॉल्ट असलेला कॉलम जोडताना टेबल पुन्हा लिहिलं जात नाही, त्यामुळे मोठ्या टेबलवरही ते झटकन होतं. पण डिफॉल्ट 'नाऊ()' असेल तर सर्व जुन्या ओळींत अल्टर चालवल्याची एकच वेळ दिसेल. प्रत्येक ओळीला वेगळी व्हॅल्यू देणारा डिफॉल्ट असेल, जसं की यादृच्छिक यूयूआयडी (एकमेव ओळख-क्रमांक), तर पूर्ण टेबल पुन्हा लिहिलं जातं.

प्रश्न : मायएसक्यूएलमध्ये कॉलमची लांबी ५० वरून १०० केली. त्यानंतर त्यात नल यायला लागले. आधी तो नॉट नल होता.

उत्तर : 'मॉडिफाय' हे कॉलमची व्याख्या नव्याने लिहितं. तुम्ही 'मॉडिफाय नाव व्हारकॅर(१००)' लिहिलंत, त्यात नॉट नल नव्हतं, म्हणून ते गेलं. डिफॉल्ट आणि कॉमेंटही अशीच जातात. आधी 'शो क्रिएट टेबल' चालवा, त्या कॉलमची पूर्ण ओळ कॉपी करा आणि त्यात फक्त लांबी बदला. एसक्यूएल सर्व्हरच्या 'अल्टर कॉलम'मध्येही हाच सापळा आहे. पोस्टग्रेसमध्ये 'अल्टर कॉलम टाइप' फक्त प्रकार बदलतं, नॉट नल शाबूत राहतं.

प्रश्न : 'व्हेअर स्थिती <> रद्द' अशी अट लावली तर काही ऑर्डर यादीत येतच नाहीत. आणि एका 'नॉट इन' क्वेरीने तर एकही ओळ दिली नाही, जेव्हा की शेकडो यायला हव्या होत्या. दोन्हींचं कारण एकच का?

उत्तर : एकच. नलशी केलेली कुठलीही तुलना, = असो, <> असो किंवा <, खरी किंवा खोटी ठरत नाही; तिचं उत्तर 'अज्ञात' येतं. नल = नल याचंही उत्तर अज्ञातच. व्हेअर फक्त खऱ्या ठरलेल्या ओळी ठेवतो, अज्ञात गाळतो. म्हणून स्थिती नल असलेली ऑर्डर '= रद्द'मध्येही येत नाही आणि '<> रद्द'मध्येही येत नाही. दोन्ही याद्यांची बेरीज एकूण ओळींपेक्षा कमी भरते, हे ओळखण्याची चांगली खूण आहे.

'नॉट इन'मध्ये हेच जास्त तीव्र होतं. समजा आतल्या क्वेरीने १०, २० आणि नल अशी यादी दिली. बाहेर ३० ही व्हॅल्यू आहे. '३० नॉट इन (१०, २०, नल)' याचा अर्थ ३० <> १० आणि ३० <> २० आणि ३० <> नल. पहिल्या दोन अटी खऱ्या, तिसरी अज्ञात. खरं आणि अज्ञात मिळून अज्ञात. ओळ गळाली. १०च्या बाबतीत पहिलीच अट खोटी, तीही गळाली. आतल्या यादीत एक नल आला की बाहेरची प्रत्येक ओळ याच मार्गाने जाते आणि निकाल शून्य ओळी. एरर नाही, वॉर्निंग नाही.

उपाय: 'नॉट इन' सबक्वेरीसोबत (आतल्या क्वेरीसोबत) वापरूच नका, 'नॉट एक्झिस्ट्स' लिहा. त्यात नलमुळे हा घात होत नाही. पहिल्या क्वेरीसाठी 'स्थिती इज डिस्टिंक्ट फ्रॉम रद्द' वापरा. ते नललाही एक व्हॅल्यू मानून तुलना करतं. पोस्टग्रेसमध्ये ते आहेच, एसक्यूएल सर्व्हरमध्ये २०२२च्या आवृत्तीपासून आलं. मायएसक्यूएलमध्ये '<=>' हे चिन्ह समानतेसाठी आहे, म्हणून तिथे 'नॉट (स्थिती <=> रद्द)' लिहायचं. 'कोअलेस(स्थिती, रिकामी स्ट्रिंग) <> रद्द' (कोअलेस नलच्या जागी दुसरी व्हॅल्यू देतं) असंही चालतं, पण कॉलम फंक्शनमध्ये गुंडाळला की त्यावरचा साधा इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) बहुधा वापरला जात नाही.

लेफ्ट जॉइनमध्येही (डाव्या टेबलच्या सगळ्या ओळी ठेवून उजव्याच्या जुळणाऱ्या ओळी जोडताना) हेच घडतं. उजव्या टेबलमध्ये जोडीदार न मिळालेल्या ओळींत त्या टेबलचे सगळे कॉलम नल येतात, मग ते मूळ टेबलमध्ये नॉट नल का असेनात. त्यांच्यावर व्हेअरमध्ये '=' ची अट घातली की त्या ओळी गळतात आणि लेफ्ट जॉइनचा इनर जॉइन (फक्त जुळलेल्या ओळी) होतो. अशी अट 'ऑन'मध्ये न्यायची.

प्रश्न : चेक (वय >= १८) असूनही नल वय आत गेलं, आणि ईमेल युनिक असूनही नल ईमेलच्या अनेक ओळी आहेत. हे बरोबर आहे का?

उत्तर : दोन्ही नियमानुसार आहे. व्हेअर अज्ञात गाळतो, पण चेक अज्ञात चालवून घेतो. चेक फक्त खोटं ठरल्यावर अडवतो. नल >= १८ हे अज्ञात, म्हणून ओळ आत. वय हवंच असेल तर वेगळं नॉट नल लावा. मायएसक्यूएलमध्ये ८.०.१६च्या आधीच्या आवृत्त्या चेक वाचून सोडून देत, तो लागूच होत नसे, हेही तपासा.

युनिकमध्ये पोस्टग्रेस, मायएसक्यूएल आणि एसक्यूलाइट प्रत्येक नल वेगळा मानतात, म्हणून कितीही चालतात. एसक्यूएल सर्व्हर एकच नल चालवतो. तिथे अनेक हवे असतील तर 'व्हेअर ईमेल इज नॉट नल' असा फिल्टर्ड युनिक इंडेक्स करावा लागतो.

यातला खरा धोका दोन कॉलमांच्या युनिकमध्ये आहे. ओळ खरोखर न पुसता 'हटवल्याची_वेळ' भरायची, अशी पद्धत अनेक ठिकाणी असते आणि मग (ईमेल, हटवल्याची_वेळ) यावर युनिक लावतात. चालू ओळींत हटवल्याची_वेळ नल असते. पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएलमध्ये त्यामुळे एकाच ईमेलच्या दोन चालू ओळी बिनदिक्कत बसतात; म्हणजे ज्यासाठी युनिक लावला तेच होत नाही. पोस्टग्रेसमध्ये फक्त ईमेलवर 'व्हेअर हटवल्याची_वेळ इज नल' असा अंशिक युनिक इंडेक्स करा. १५व्या आवृत्तीपासून 'युनिक नल्स नॉट डिस्टिंक्ट' हाही मार्ग आहे.

प्रश्न : सरासरी काढताना नलचं काय होतं?

उत्तर : तो मोजलाच जात नाही. पाच जणांचे गुण ८०, ६०, नल, ७०, नल असतील तर एव्हीजी ७० येतो, कारण २१० भागिले ३. नलच्या जागी ० असते तर ४२ आला असता. काउंट(*) ५ देतो, काउंट(गुण) ३ देतो. गैरहजर विद्यार्थ्याला शून्य धरायचं की वगळायचं, हे तुमच्या नियमावर ठरतं. डेटाबेसने ते आधीच वगळून ठेवलंय, एवढं ध्यानात असू द्या.

आडवी बेरीज उभ्या बेरजेपेक्षा वेगळी वागते. मूळ रक्कम १०० आणि २००, कर १० आणि नल. सम(रक्कम) + सम(कर) म्हणजे ३१०. सम(रक्कम + कर) म्हणजे ११०, कारण २०० + नल हे नल होतं आणि बेरजेतून निघून जातं. हिशेबाच्या रिपोर्टमध्ये २०० गायब झाले, तर पहिल्यांदा इथे बघा.

प्रश्न : नलला जागा लागते का?

उत्तर : जवळजवळ नाही. पोस्टग्रेसमध्ये ओळीत एक जरी नल असला तर प्रत्येक कॉलममागे एक बिट असलेला नकाशा ओळीच्या सुरुवातीला ठेवला जातो आणि नल व्हॅल्यूला स्वतःची जागा लागत नाही. इनोडीबीमध्ये (मायएसक्यूएलची साठवण-यंत्रणा) नल चालणाऱ्या प्रत्येक कॉलममागे एक बिट जातो. जागा वाचवायला नॉट नल लावू नका. ते लावायची कारणं वेगळी आहेत. ओरॅकलमध्ये मात्र इंडेक्सबद्दल सावध राहा. इंडेक्समधले सगळे कॉलम नल असलेली ओळ तिथल्या नेहमीच्या बी-ट्री इंडेक्समध्ये नोंदलीच जात नाही, त्यामुळे 'इज नल' शोधायला तो इंडेक्स उपयोगी पडत नाही. इंडेक्सला दुसरा घटक म्हणून एखादा स्थिर आकडा जोडला, उदाहरणार्थ (स्थिती, ०), की त्या ओळीही त्यात येतात.

प्रश्न : एवढी भानगड असेल तर नल पूर्ण बंद करून -१, 'उपलब्ध नाही' किंवा १ जानेवारी १९०० अशा व्हॅल्यू ठेवणं सोपं नाही का?

उत्तर : नाही. अशा खोट्या व्हॅल्यू सरासरीत मिसळतात, सर्वांत जुनी तारीख शोधताना पुढे येतात, आणि त्या खोट्या आहेत हे फक्त लिहिणाऱ्याला ठाऊक असतं. नल निदान स्वतःहून बाजूला राहतो. -१ फॉरेन कीमध्ये वापरायचा तर मूळ टेबलमध्ये -१ क्रमांकाची बनावट ओळ तयार करावी लागते आणि मग ती प्रत्येक यादीतून वगळावी लागते.

ई. एफ. कॉड यांनी १९८५मध्ये मांडलेल्या रिलेशनल डेटाबेसच्या नियमांपैकी तिसरा नियम हाच आहे: माहिती नसणं हे रिकाम्या स्ट्रिंगपेक्षा आणि शून्यापेक्षा वेगळ्या, एकसारख्या पद्धतीने नोंदता आलं पाहिजे. पुढे १९९०मध्ये त्यांनी 'व्हॅल्यू आहे पण माहीत नाही' आणि 'इथे व्हॅल्यू लागूच नाही' अशा दोन वेगळ्या खुणा सुचवल्या. एसक्यूएलमध्ये मात्र नल एकच आहे. हा फरक तुमच्या कामात महत्त्वाचा असेल तर नलवर दोन्ही अर्थ लादू नका, कारण सांगणारा वेगळा कॉलम ठेवा.

कॉलमनिहाय सांगायचं तर आमचं मत असं. हो-नाही प्रकारचा कॉलम नेहमी नॉट नल डिफॉल्ट फॉल्स. तिथे नल म्हणजे कुणी न मागितलेला तिसरा पर्याय. तयार_केल्याची_वेळ नॉट नल, डिफॉल्ट करंट_टाइमस्टॅम्प. शिल्लक नग नॉट नल डिफॉल्ट ०, कारण शून्य हे तिथे खरं उत्तर आहे. किंमत नॉट नल, पण डिफॉल्ट देऊ नका. किंमत विसरली तर एरर आली पाहिजे, फुकट विक्री होता कामा नये. जन्मतारीख, नोकरी_सोडल्याची_तारीख, माल_पोहोचल्याची_वेळ यांत नल चालू द्या. जे माहीतच नाही किंवा अजून घडलेलंच नाही त्याला तारीख कुठून आणणार?

प्रश्न : सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली) फाइल डेटाबेसमध्ये भरल्यावर काही रिकामे रकाने नल होतात, काही होत नाहीत.

उत्तर : पोस्टग्रेसच्या 'कॉपी'मध्ये सीएसव्ही प्रकारात दोन स्वल्पविरामांमध्ये काहीच नसेल तर नल, आणि तिथे दुहेरी अवतरणचिन्हांची मोकळी जोडी असेल तर रिकामी स्ट्रिंग. फाइल बनवणारा प्रोग्रॅम काही रकाने अवतरणात घालत असेल तर तुम्हाला दिसतं तसं होतं. 'फोर्स_नल' या पर्यायात कॉलमांची नावं दिली की अवतरणातला रिकामा रकानाही नल होतो. मायएसक्यूएलच्या 'लोड डेटा'ला रिकामा रकाना नल वाटत नाही. मजकुराच्या कॉलममध्ये तो रिकामी स्ट्रिंग होतो. आकड्याच्या कॉलममध्ये स्ट्रिक्ट मोड बंद असेल तर ० बसतो, चालू असेल तर एरर येते. तिथे रकाना आधी व्हेरिएबलमध्ये घ्या आणि 'सेट वजन = नलइफ(@वजन, रिकामी स्ट्रिंग)' असं लिहा, म्हणजे रिकामा रकाना नल होतो.

प्रश्न : जुन्या डेटाबेसमध्ये दोनशे टेबलं आहेत. न लिहिल्यामुळे नल चालणारे कॉलम कोणते, हे शोधायचं कसं?

उत्तर : 'न लिहिल्यामुळे' आणि 'मुद्दाम' यांत डेटाबेस फरक ठेवत नाही, पण उमेदवारांची यादी काढता येते. पोस्टग्रेस, मायएसक्यूएल आणि एसक्यूएल सर्व्हर तिन्हींत 'इन्फर्मेशन_स्कीमा.कॉलम्स' आहे. त्यात 'इज_नलेबल' हा कॉलम 'येस' असेल आणि 'कॉलम_डिफॉल्ट' नल असेल, अशा ओळी काढा. ओरॅकलमध्ये 'यूझर_टॅब_कॉलम्स'मध्ये 'नलेबल' हा कॉलम वाय किंवा एन सांगतो. एसक्यूलाइटमध्ये 'प्रॅग्मा टेबल_इन्फो' वापरा.

यादी मोठी येईल. प्रत्येक कॉलमसाठी काउंट(*) आणि काउंट(कॉलम) शेजारी मांडा. दोन्ही आकडे सारखे असतील, टेबलमध्ये बऱ्याच ओळी असतील आणि ते टेबल काही वर्षं वापरात असेल, तर त्या कॉलमला नल कधी लागलाच नाही असं समजून आधी तेच नॉट नल करा. तिथे जुने नल भरायचं काम नसतं. काउंट(कॉलम) ० आला तर तो कॉलम कुणी वापरतच नाही, तो काढता येईल का ते बघा. मधले आकडे असलेले कॉलम मात्र ज्यांना त्या डेटाचा अर्थ कळतो त्यांच्यासोबत बसून एकेक करून ठरवावे लागतील. आणि पोस्टग्रेसमध्ये 'क्रिएट टेबल अ‍ॅज'ने बनवलेली टेबलं या यादीत वेगळी पाहा: मूळ टेबलमधलं नॉट नल आणि डिफॉल्ट त्यांत उतरत नाही, म्हणून तिथले सगळेच कॉलम नल चालणारे दिसतील.